टरफलांचा हिशेब: परसातील एका कळपातील पातळ कवचाच्या अंड्यांचे प्रकरण

परसात कोंबड्या पाळणाऱ्या अनेक घरांत अंड्यांची टरफले कचऱ्यात न टाकता पुन्हा कोंबड्यांनाच घातली जातात आणि त्यामागचा विचार योग्यच आहे, कारण कवच जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीला नेमके तेच हवे असते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका घरातील आहे. तेथे टरफले नियमाने घालूनही अंड्यांची कवचे महिन्यागणिक पातळ होत गेली आणि शेवटी टरफलांचा काही उपयोग नसतो, अशा समजुतीपर्यंत घरचे लोक आले. माझ्या मते टरफले निरुपयोगी नव्हती. त्यांच्यावर टाकलेला भार त्यांना पेलणारा नव्हता, आणि जेवढा भार त्यांनी सहज पेलला असता तेवढाही ती ज्या रूपात, ज्या वेळी आणि ज्या पक्ष्यांना मिळत होती त्यामुळे पेलला जात नव्हता.

कळप आणि तक्रार

कळपात एकूण बारा पक्षी होते: अंड्यावरच्या सात कोंबड्या, वाढीच्या वयातील चार तलंगा आणि एक कोंबडा. सातांपैकी चार कोंबड्या पहिल्याच वर्षाच्या अंड्यावर होत्या, तर तिघींनी दोन वर्षे ओलांडली होती. सगळे पक्षी एकाच खुराड्यात राहत आणि दिवसा कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत हिंडत. आठवड्याला साधारण ३३ अंडी मिळत. त्यांपैकी निम्मी घरात वापरली जात आणि निम्मी नातेवाइकांना व शेजाऱ्यांना दिली जात.

तक्रार तीन पदरी होती. पहिली म्हणजे कवच इतके पातळ झाले होते की अंडे उचलताना अंगठ्याच्या दाबाने त्याला खळगा पडे. अधूनमधून एखादे अंडे नुसत्या पापुद्र्यात, कवचाविनाच पडलेले सापडे. दुसरी म्हणजे घरट्यात फुटलेली अंडी कोंबड्या खाऊ लागल्या होत्या. तिसरी गोष्ट घरच्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, ती बोलता बोलता निघाली: थोरल्या कोंबड्यांपैकी एक हल्ली रात्री बसण्याच्या दांड्यावर चढत नव्हती आणि खालीच कोपऱ्यात बसून राहत होती. मला यांपैकी सर्वांत गंभीर वाटली ती ही तिसरी गोष्ट. पातळ कवच हे कॅल्शियमच्या तुटीचे बाहेर दिसणारे रूप झाले. दांड्यावर चढू न शकणारी कोंबडी ती तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढत असण्याची शक्यता असते.

कोंबड्यांची रोजची देखभाल घरातील आजी करत असत. त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. “टरफलं तर आम्ही परतच घालतो. जे बाहेर आलं तेच आत गेलं, मग कमी पडेलच कसं?” पुढची बरीचशी तपासणी म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

कवच बनते कसे

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतील सुमारे २० तास ते कवचग्रंथीत, म्हणजे गर्भाशयाच्या भागात असते. बलक सुटणे, त्याभोवती पांढरे साचणे आणि दोन पातळ पापुद्रे चढणे ही सगळी कामे पहिल्या चार-पाच तासांत उरकतात. उरलेला वेळ जवळजवळ सारा कवचासाठीच खर्च होतो. सकाळी अंडे देणाऱ्या कोंबडीच्या बाबतीत या वेळेचा मोठा भाग रात्रीत जातो. कोंबडी तर अंधारात खात नाही. त्यामुळे ज्या वेळी कॅल्शियमची मागणी सर्वाधिक असते, नेमक्या त्याच वेळी बाहेरून होणारा पुरवठा बंद असतो.

ही अडचण कोंबडीचे शरीर दोन मार्गांनी सोडवते. पहिला मार्ग पेषणीचा, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायुमय पोटाचा (गिझार्डचा). संध्याकाळी गिळलेले कॅल्शियमचे जाडसर तुकडे तेथे अडकून राहतात, जठरातील आम्लात रात्रभर हळूहळू विरघळतात आणि आतड्याला थोडे थोडे कॅल्शियम पुरवत राहतात. बारीक पूड मात्र तेथे थांबत नाही. ती काही तासांत पुढे सरकते आणि तिच्यातील न शोषलेला भाग विष्ठेतून निघून जातो. दुसरा मार्ग हाडांचा. अंड्यावर येण्याच्या सुमारे दोन आठवडे आधी, इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली, कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक विशेष प्रकारचे हाड तयार होऊ लागते. त्याचे मुख्य काम आधार देणे हे नसून कॅल्शियम साठवणे व लागेल तेव्हा मोकळे करणे हे असते. रात्री पेषणी रिकामी झाली की ही साठवण कामी येते आणि दुसऱ्या दिवशी खाद्यातून तिची भरपाई होते. भरपाई अपुरी पडत राहिली, तर शरीर आधाराच्या हाडांनाही हात घालते. म्हणूनच खाद्य बदलल्यावर कवच लगेच पातळ होत नाही: कोंबडी काही काळ स्वतःच्या अंगातून खर्च करत राहते आणि पाळणाऱ्याला सगळे ठीक चालले आहे असे वाटते.

या घरीही असेच झाले होते. चार तलंगा आणल्या गेल्या, तेव्हा सर्वांसाठी एकच खाद्य असावे म्हणून लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचे) खाद्य बंद करून सगळ्या कळपाला ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य सुरू करण्यात आले. वाढत्या पक्ष्यांच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, कारण लेअर खाद्यात कॅल्शियम साधारण ३.५ ते ४.५ टक्के असते, तर वाढत्या पक्ष्यांना सुमारे एक टक्काच लागते, आणि त्याहून पुष्कळ अधिक कॅल्शियम दीर्घकाळ मिळाले तर त्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते, मूत्रमार्गात खडे होतात व आतल्या अवयवांवर युरेटचा, म्हणजे यूरिक आम्लाच्या क्षारांचा, पांढरा थर साचतो. पण अंड्यावरच्या सात कोंबड्यांच्या आहारातले कॅल्शियम त्या दिवसापासून पाव-तृतीयांशावर आले. टरफले ती जागा भरून काढतील असे गृहीत धरले गेले होते. तलंगा आल्यानंतर बराच काळ काही बिघडले नाही, त्यामुळे खाद्यातील बदल आणि पातळ कवचे यांचा संबंध कोणाच्या लक्षात आला नाही.

आकडेमोड

आजींच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांत देण्यापेक्षा कागदावर मांडणे सोपे होते. ५५ ते ६० ग्रॅमच्या अंड्याचे चांगले कवच साधारण साडेपाच ग्रॅम भरते आणि त्यात सुमारे २.१ ग्रॅम कॅल्शियम असते. आठवड्याच्या ३३ अंड्यांसाठी म्हणजे जवळपास ७० ग्रॅम कॅल्शियम कोंबड्यांच्या शरीरातून बाहेर पडायला हवे. परंतु कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच कवचापर्यंत पोहोचवू शकते. वय, आरोग्य आणि तुकड्यांचा आकार यांनुसार हे प्रमाण थोडे खाली-वर होते. तेव्हा ७० ग्रॅम कवचात उतरायला १४० ग्रॅम पोटात जायला हवे.

आता जमेची बाजू. प्रत्येक कोंबडी दिवसाला ग्रोअर खाद्य सुमारे ८० ग्रॅम खात होती आणि वरून ३० ग्रॅमच्या आसपास मका टिपत होती. मक्यात कॅल्शियम नावालाच, शेकडा ०.०२ ते ०.०३ ग्रॅम इतकेच असते, म्हणून ते धरण्याचे कारण नाही. ग्रोअर खाद्यातून सात कोंबड्यांना आठवड्याभरात ४० ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळत होते. उरलेले १०० ग्रॅम टरफलांतून यायचे म्हटले, तर टरफलात कॅल्शियम शेकडा ३८ च्या आसपास असल्यामुळे दर आठवड्याला सुमारे २६० ग्रॅम टरफले लागली असती.

घरात वापरल्या जाणाऱ्या सोळा-सतरा अंड्यांची टरफले, तीही पातळ झालेली, जेमतेम ७५ ग्रॅम भरत होती. बाकीची टरफले अंड्यांबरोबर शेजाऱ्यांच्या घरी जात होती. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे: सगळीच्या सगळी ३३ अंडी घरात खाल्ली गेली असती, कवचे उत्तम जाड असती आणि त्यांतला एक कणही वाया न जाता परत गेला असता, तरीही हाती १८० ग्रॅमच टरफले आली असती. जे बाहेर आले ते सगळे आत गेले तरी त्यातले निम्मे वाटेतच गळते, म्हणून टरफलांवर चालणारे चक्र प्रत्येक फेरीला आकसत जाते. हे एकदा आकड्यांत दिसल्यावर घरच्यांशी वाद घालण्याचे काही कारण उरले नाही. लेअर खाद्य चालू असते तर गोष्ट निराळी झाली असती. तेव्हा तूटच मुळात किरकोळ राहिली असती आणि टरफलांनी ती आरामात भरून काढली असती. टरफलांच्या उपयोगाबद्दल लोकांचे अनुभव इतके परस्परविरोधी असतात त्याचे कारण बहुधा हेच असावे. टरफलांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, ज्या खाद्याला ती जोड म्हणून दिली जातात त्यावर फळ अवलंबून असते.

टरफले दिली कशी जात होती

घरातली पद्धत अशी होती. फोडलेल्या अंड्यांची टरफले न धुता झाकणाच्या डब्यात साठवली जात, आठवड्याला एकदा उन्हात टाकली जात, मग मिक्सरमधून पिठासारखी बारीक करून रोज सकाळच्या खाद्यात कालवली जात. डबा उघडून पाहिला तेव्हा तळाच्या टरफलांना ओल होती, पांढऱ्याचे अवशेष आतल्या बाजूला पिवळे पडून चिकटले होते आणि दर्प येत होता.

या पद्धतीत चार दोष एकमेकांत गुंतलेले होते. पीठ केल्यामुळे कॅल्शियम पेषणीत टिकत नव्हते. ते सकाळी दिल्यामुळे, जे काही शोषले जायचे ते दुपारपर्यंत शोषले जाऊन रात्रीसाठी फारसे उरत नव्हते. खाद्यात कालवल्यामुळे ते ज्यांना नको त्यांनाही सक्तीने मिळत होते: चार तलंगा आणि कोंबडा हे कळपाच्या एक तृतीयांशाहून अधिक होते, आणि ज्यांच्यासाठी लेअर खाद्य बंद केले त्याच तलंगांना पूड मात्र रोज घातली जात होती. (प्रमाण थोडे होते म्हणून त्यांना अपाय झालेला दिसला नाही, पण हेतू आणि कृती यांतली विसंगती नोंदवण्यासारखी आहे.) चौथा दोष स्वच्छतेचा. कच्च्या टरफलाला लागलेल्या अवशेषांत साल्मोनेलासारखे जीवाणू असू शकतात, आणि ओलसर डब्यात ते वाढतात, बुरशीही धरते. उन्हात वाळवल्याने ओल जाते, परंतु जीवाणू मरतीलच याची खात्री त्याने देता येत नाही.

खाद्याच्या भांड्यावर थोडा वेळ लक्ष ठेवले तर पुडीचे काय होते ते उघड दिसे. कोंबडी चोचीने दाणे निवडून खाते. पूड तिला धरता येत नाही. ती भांड्याच्या तळाशी पांढरट थरासारखी उरत होती आणि दुसऱ्या दिवशीच्या खाद्याखाली गाडली जात होती. म्हणजे कागदावरचे ७५ ग्रॅमसुद्धा पूर्ण पोटात जात नव्हते.

अन्य कारणांची छाननी

पातळ कवच दिसले की कॅल्शियम कमी, हा निष्कर्ष नेहमी खरा नसतो, म्हणून बाकीच्या शक्यता तपासणे आवश्यक होते. उष्णतेत कोंबडी धापा टाकते, तेव्हा रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचाच तुटवडा पडतो. पण हवामान सौम्य होते. जीवनसत्त्व डी-३ कमी असेल तर कॅल्शियम नीट शोषले जात नाही. मात्र पक्षी दिवसभर उघड्यावर हिंडत होते आणि खाद्यातही ते होते. फॉस्फरसची कमतरता ग्रोअर खाद्यावर असताना संभवत नव्हती. थोरल्या कोंबड्यांची अंडी आकाराने मोठी आणि कवच त्या मानाने पातळ असणे हे वयाचे लक्षण आहे, कारण अंडे मोठे होते तरी कवचासाठी लागणारा माल साधारण तेवढाच राहतो. परंतु येथे पहिल्या वर्षाच्या कोंबड्यांची कवचेही पातळ झाली होती.

एका कोंबडीची गोष्ट मात्र वेगळी निघाली. तिच्या अंड्यांचा रंग इतरांपेक्षा गडद असल्यामुळे ती ओळखता येत होती. त्यांच्या कवचावर आडव्या सुरकुत्या होत्या आणि फोडल्यावर पांढरे पाण्यासारखे पसरत होते. सुरकुतलेले कवच आणि पातळ पांढरे ही जोडी संसर्गजन्य ब्राँकायटिस होऊन गेल्याची खूण असू शकते. हा श्वसनाचा विषाणूजन्य आजार अंडनलिकेला कायमची इजा करू शकतो, आणि त्या इजेवर कॅल्शियमचा उपाय चालत नाही. या कोंबडीची अंडी पुढील मोजमापातून वगळली. ती वगळली नसती तर उपाय अपयशी ठरला असे भासले असते किंवा तिच्या सुरकुत्यांसाठी सगळ्या कळपाला विनाकारण अधिकाधिक कॅल्शियम घातले गेले असते. आजार पसरत असता आणि इतर कोंबड्यांतही शिंका किंवा घरघर दिसत असती, तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेण्यास मी थांबलो नसतो.

मोजमाप कसे करावे हाही प्रश्न होता. ठरावीक घनतेच्या मिठाच्या पाण्यात अंडे तरंगते की बुडते ते पाहून कवचाचा अंदाज घेण्याची पद्धत आहे, पण ती ताज्या अंड्यांनाच लागू पडते, कारण अंडे शिळे होते तशी आतली हवेची जागा वाढते. घरी त्याहून सोपे पडते ते कवच तोलणे. अंडे तोलायचे, फोडायचे, टरफल आतून धुऊन पूर्ण वाळवायचे आणि दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलायचे. चांगले कवच अंड्याच्या वजनाच्या ९ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. येथे ६२ ग्रॅमच्या अंड्याचे कवच साडेचार ग्रॅम भरले, म्हणजे सव्वासात टक्के. इतर अंडीही त्याच्या आसपासच होती.

केलेले बदल

ग्रोअर खाद्य तसेच ठेवले. तलंगा एकाच खुराड्यात असताना लेअर खाद्यावर परतणे योग्य नव्हते आणि दोन वेगळी खुराडी करण्याची सोय नव्हती. अशा मिश्र कळपात कॅल्शियम खाद्यातून काढून स्वतंत्र भांड्यात ठेवणे हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो, कारण अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियमची स्वतंत्र भूक असते. कवच बनण्याच्या दिवशी, विशेषतः दुपारनंतर, ती कॅल्शियमचे तुकडे शोधून खाते, तर तलंगा आणि कोंबडा चार तुकडे टिपून सोडून देतात. खाद्यात कालवताना हा निवाडा माणूस करतो; वेगळे ठेवले की तो कोंबडी करते, आणि तो बहुतेक वेळा अधिक अचूक असतो.

टरफलांची तयारी पूर्ण बदलली. अंडे फोडताच टरफल पाण्याखाली धुणे, साठले की उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवणे, निथळून ओव्हनमध्ये १०० ते १२० अंश सेल्सिअसला कुरकुरीत होईपर्यंत वाळवणे आणि थंड झाल्यावरच कोरड्या बरणीत भरणे, असा क्रम ठरला. आतला पापुद्रा सोलण्याची गरज नसते. तो प्रथिनांचा असतो व कोंबडीला पचतो. वाळणे पुरे झाले की नाही हे हातालाच कळते. नीट वाळलेले टरफल मुठीत दाबले की कडाकडा मोडून सुटे होते. अर्धवट वाळलेल्याचे तुकडे पडतात खरे, पण पापुद्र्याला धरून बिजागरीसारखे लोंबत राहतात. तसे दिसले तर ते पुन्हा ओव्हनमध्ये जायला हवे. टरफले निखाऱ्यात टाकून भाजण्याचा मोह मात्र टाळावा. कॅल्शियम कार्बोनेट ८०० अंशांच्या आसपास तापले की त्याचा कळीचा चुना होतो, आणि तो तोंड, अन्नमार्ग भाजून काढतो. स्वयंपाकघरातील ओव्हन त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. त्याच कारणाने भिंतीला लावण्याचा चुना पाण्यात कालवून देण्याची कल्पना, जी या घरीही पुढे आली होती, साफ नाकारावी लागली.

मिक्सर बंद केला. टरफले जाड पिशवीत घालून लाटण्याने दोन ते पाच मिलिमीटरच्या तुकड्यांत मोडायची आणि चाळणीतून पूड वेगळी काढायची, असे ठरले. तरीही टरफलाची एक मर्यादा राहतेच. त्याची जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर, त्यामुळे पाच मिलिमीटरचा तुकडासुद्धा पापुद्र्यासारखा चपटा असतो. आम्लाला दोन्ही बाजूंनी मोठा पृष्ठभाग मिळतो आणि तो शिंपल्याच्या जाड खड्यापेक्षा लवकर विरघळतो. म्हणून आणि आठवड्याच्या २६० ग्रॅमांचा हिशेब पुरा व्हावा म्हणून, भांड्यात एक भाग टरफले आणि दोन भाग जाड शेलग्रिट, म्हणजे शिंपल्यांचा भरडलेला चुरा, असे मिश्रण ठेवले. शिंपल्यातही कॅल्शियमचे प्रमाण टरफलाइतकेच असते. यांतले काहीही दाणे दळण्यासाठी लागणाऱ्या कठीण खड्यांची जागा घेत नाही, कारण कॅल्शियमचे तुकडे पेषणीत विरघळून जातात आणि दळण्याचे काम न विरघळणाऱ्या दगडाच्या बारीक खड्यांनाच करावे लागते. हिंडण्याच्या जागेत ते खडे पुरेसे होते.

भांडे दिवसभर ठेवायचे, पण दुपारी ताजे भरायचे, असे सांगितले. मका निम्म्याने कमी केला. मका थेट कॅल्शियम हिरावून घेत नाही, परंतु त्याने पोट भरते आणि तेवढे संतुलित खाद्य कमी खाल्ले जाते.

अंडी खाण्याच्या सवयीबद्दल घरच्यांचा ग्रह असा होता की टरफले खाऊ घातल्यामुळेच कोंबड्यांना अंड्याची चटक लागली, आणि त्यामुळे त्यांनी मध्यंतरी टरफले बंदही करून पाहिली होती. हा ग्रह फार पसरलेला आहे. अर्धे टरफल जसेच्या तसे पुढे टाकले तर कोंबडी त्याचा संबंध घरट्यातल्या अंड्याशी जोडेल ही भीती रास्त मानता येईल. भरडलेल्या, उकळलेल्या तुकड्यांबाबत ती मला पटत नाही. या कळपात क्रम उलटा होता: कवच पातळ, म्हणून अंडे घरट्यात फुटले, म्हणून कोंबडीने ते चाखले. टरफले बंद केल्याने फुटणाऱ्या अंड्यांत भरच पडली असणार. घरट्यांत जाड गवताचा थर घालणे आणि सकाळी लवकर अंडी गोळा करणे एवढेच जादा केले.

बाहेरून विकत आणलेल्या अंड्यांची टरफले वापरावीत का, असाही प्रश्न आला. दुसऱ्या कळपाचा रोग आपल्या कळपात आणण्याचा तो एक मार्ग असल्यामुळे माझा सल्ला नकाराचा होता. वापरायचीच असली तर उकळण्याची पायरी कधीही गाळू नये. काही देशांत स्वयंपाकघरातून आलेले पदार्थ कोंबड्यांना घालण्यावर कायद्याने बंदी आहे आणि तिच्यात टरफलेही मोडू शकतात, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी पाहून घेणे बरे.

परिणाम

पहिल्या काही दिवसांत भांडे अपेक्षेपेक्षा फार वेगाने रिकामे होऊ लागले आणि आजींना कोंबड्या जास्त खात असल्याची काळजी वाटली. रिकामी झालेली हाडांतली साठवण भरून निघेपर्यंत असे होणे स्वाभाविक होते, म्हणून भांडे भरत राहण्यास सांगितले. पुढे खप आपोआप उतरला आणि हिशेबातल्या आकड्याच्या आसपास स्थिरावला. तलंगा पहिल्यांदा कुतूहलाने भांड्याशी आल्या, दोन-चार तुकडे उचलून टाकले आणि नंतर फिरकल्या नाहीत.

कवचाविना पडणारी अंडी आधी थांबली, त्यानंतर कवचाचे वजन वाढू लागले. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या वर्षाच्या एका कोंबडीच्या ६१ ग्रॅमच्या अंड्याचे कवच ५.४ ग्रॅम भरले, म्हणजे नऊ टक्क्यांना थोडे कमी. थोरल्या कोंबड्यांची कवचे सुधारली, पण आठ टक्क्यांच्या वर फारशी गेली नाहीत. या वयात त्याहून जास्त अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. घरट्यात अंडी फुटणे थांबल्यावर ती खाण्याचा प्रकारही काही काळाने बंद झाला. गडद अंड्यांच्या कोंबडीच्या सुरकुत्या जशाच्या तशा राहिल्या.

दांड्यावर न चढणारी कोंबडी सावकाश सुधारली. तिच्यासाठी खालच्या उंचीवर एक जादा दांडा बसवला, कारण ठिसूळ झालेल्या हाडांनिशी उंचावरून उडी मारताना छातीचे हाड मोडण्याचा धोका असतो. ती त्या खालच्या दांड्यावर बसू लागली. वरच्या दांड्यावर मात्र पुन्हा गेली नाही. हाडांचे झालेले नुकसान कवचाइतक्या लवकर भरून येत नाही आणि कधी कधी पूर्णपणे येतही नाही.

तलंगांनी पहिली अंडी दिल्यावर सगळा कळप पुन्हा लेअर खाद्यावर आणला गेला. कॅल्शियमचे भांडे तसेच ठेवले, मात्र आता त्यात शेलग्रिट घालण्याची गरज क्वचितच पडते आणि घरातली टरफले बहुतांशी पुरतात. पुढे थोरल्या कोंबड्यांची पिसे गळू लागली, त्यांची अंडी थांबली आणि त्यांनी भांड्याकडे पाठ फिरवली, तेव्हा मिश्रण बिघडले की काय, अशी विचारणा आली. मिश्रणात काही बिघाड नव्हता. कवच बनवायचे नसलेल्या कोंबडीला त्या तुकड्यांची गरज नव्हती, आणि अंडी पुन्हा सुरू होण्याच्या आधीच तिने ते पुन्हा टिपायला सुरुवात केली.